पापणीचे चार केस

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

पत्र लिहावे लागले याचे कारण एवढेच, की काल तुझ्या बायकोचा फोन आला आणि तुझ्या उजव्या पापणीचे केस गळू लागल्यामुळे तू सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहेस असे कळले. ती रद्द कर. तुझे केस गळलेले नाहीत, मी उपटले आहेत. तू वकील असल्यामुळे कबुली लेखी देते आहे. बाकी प्रकृती ठीक असेलच. गुडघ्याला तेल नियमाने लावत जा.

आता सविस्तर. आमच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जे बघायचे ते आधी राळेच्या खड्यात पक्के बसवून हिऱ्याच्या सुरीने कापावे लागते. चकत्या इतक्या पातळ निघतात, की केसाच्या जाडीत हजारभर मावतील (हे मी तुला तीस वर्षे सांगते आहे आणि तू तीस वर्षे "हो का" म्हणतो आहेस). त्या पाण्यावर तरंगतात. त्यांना हळूच ढकलत तांब्याच्या बारक्या जाळीवर आणायला, खोलीभर यंत्र असूनही, एकच हत्यार चालते: काडीला चिकटवलेला माणसाच्या पापणीचा केस. माझा स्वतःचा केस त्या काडीवर एकोणीस वर्षे नोकरीत होता. गेल्या महिन्यात नवे विभागप्रमुख आले, त्यांनी खण आवरला आणि "काडीला कसला केस चिकटलाय" म्हणून ती कचऱ्यात टाकली.

नेमके त्याच आठवड्यात आमच्या घाईबाईचे (पीएच.डी. करणारी मुलगी, नाव मी ठेवले, कमावले तिने) सहापैकी पाच खडे भुसभुशीत निघाले, कारण राळ घट्ट करणारे औषध तिने अंदाजपंचे ओतले होते. उरला एक खडा, त्यात मधमाशीचा एक डोळा, आणि त्या डोळ्यावर तिची चार वर्षे टांगलेली. प्रबंध द्यायला तीन आठवडे.

माझ्या पापण्या आता नावालाच उरल्या आहेत. घाईबाईच्या केसावर मस्काऱ्याचा थर, त्याला चकती चिकटली ती सुटेचना. ब्रशच्या केसाने आणखी दोन फाडल्या. भांडारपालांकडे मागणी केली, तर म्हणाले, "बाई, यादीत चष्मा आहे, पापणी नाही."

तेव्हा मला तू आठवलास. लहानपणी तुझ्या पापण्या वासरासारख्या लांब होत्या. आई म्हणायची, "देवाचा पत्ता चुकला, या मुलीला द्यायच्या होत्या." (मी शेजारीच उभी असायचे.) दोन रविवारांपूर्वी मी न बोलावता जेवायला आले, ते प्रेमापोटी असे तुला वाटले असेल तर तसेच वाटू दे. जेवून तू खुर्चीत घोरू लागलास आणि मी पर्समधून चिमटा काढला. चौथ्या केसाला तू डोळा चोळत "मुंगी चावली" म्हणालास, आणि तुझ्या बायकोने घरभर पावडर टाकली. मी सोफा सरकवायला तिला मदतही केली.

पहिला केस फारच वाकडा होता. दुसरा काडीवर बसवताना मोडला. तिसऱ्याने मात्र श्वास रोखून (नुसत्या उच्छ्वासानेही चकत्या उधळतात) एकेक रुपेरी चकती जाळीवर आणली. पडद्यावर मधमाशीचा डोळा उमटला, पेशी न् पेशी स्वच्छ. घाईबाई स्टुलावर बसून रडली. मी तिला पाच मिनिटे दिली. त्यातली दोन मलाच लागली. त्या दिवशी घरी येऊन मी जी झोपले, ती महिन्याभरात पहिल्यांदा सकाळपर्यंत.

तुझी,
ताई

ता.क. विभागप्रमुखांनी आता तुझ्या तिसऱ्या केसाची काडी स्वतःच्या हाताने डबीत ठेवून वर चिठ्ठी लावली आहे: "हात लावू नये." ती आम्हाला दिसेल अशी लावली आहे, त्यांना नव्हे.

ता.क. २. चौथा केस मी जपून ठेवला होता, पण शिंक आली. मी शुक्रवारी निवृत्त होते आहे आणि मागे एक तरी जादा केस असल्याशिवाय मला घरी चैन पडणार नाही. तेव्हा गुरुवारी तोंड धुऊन, काहीही न लावता प्रयोगशाळेत ये. या वेळी डाव्या डोळ्याचे घेईन, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसतील.

ता.क. ३. आज घाईबाईच्या ताब्यात दिले: हिऱ्याची सुरी, एक. खणाची किल्ली, एक. मधमाशीच्या डोळ्याचा खडा, एक, निम्मा कापलेला. पापणीचा केस, काडीवर बसवलेला, एक. मालक झोपेत असल्याने संमती घेतलेली नाही, या पत्राची नक्कल सोबत जोडली आहे.