चायकाची डोलकाठी

विल्कासी, १९ मे

प्रिय वितेक,

तुझं पत्र आणि याग्नाचं चित्र, दोन्ही पोचलं. चित्रात आजोबा होडीपेक्षा मोठे आहेत, ते बाबांना फार आवडलं. फ्रिजवर लावून ठेवलंय. येईल त्याला दाखवतात.

इकडे सगळं ठीक. तळ्यावरचा बर्फ यंदा उशिरा गेला, त्यामुळे सगळ्यांच्या होड्या एकदमच पाण्यात उतरल्या आणि आपलं काय काय मोडलंय ते सगळ्यांना एकदमच आठवलं. माझ्या दुरुस्तीच्या शेडपुढे रांग लागलीये. शेजारचा झेनोन गुडघा दुखतो म्हणून चर्चला जात नाही, पण मासे धरायला मात्र पार पुलापर्यंत सायकल मारतो. देवाला हे दिसत नसेल असं त्याला वाटतं.

एक बातमी आहे, घाबरू नकोस. आपल्या होडीची, चायकाची डोलकाठी मोडली. रविवारी बाबा एकटेच बाहेर पडले होते, अचानक वारा आला आणि काठी गेली. त्यांना खरचटलंसुद्धा नाही. वारा जरा जास्तच होता, इतकंच.

काठी मधोमध दुमडलीये. मी बाबांना म्हटलं, नवीच आणू या. तर म्हणाले, "नवी? मी काय वॉर्सातला दाताचा डॉक्टर आहे? कापू, आत नळी घालू, रिव्हेट मारू. आणि पुन्हा वेल्डिंगचं नाव काढलंस तर तुझं बारसं पुन्हा करीन."

वेल्डिंगचं नाव मी काढलंच नव्हतं. आच दाखवली की अॅल्युमिनियम मऊ पडतं, हे त्यांनीच मला शिकवलंय. असो. बुडाची बिजागरीही पिळवटलीये. तिच्यावाचून पुलापाशी काठी आडवी करता येणार नाही, म्हणून तीही ठोकून सरळ करायला हवी. कामं बरीच आहेत.

याग्नाला सांग, ऑगस्टच्या सफरीला अजून वेळ आहे. तिकडे बर्गेनला सारखं ब्राऊन चीज खाऊन खाऊन तुझं तोंड कसं होतं ते बघायची मला फार इच्छा आहे.

तुझी,
बोग्ना

विल्कासी, २ जून

वितेक,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा रागच आला. मी तुझी बहीण आहे की गुन्हेगार? बर्गेनमध्ये बसून आपल्या तळ्याचं हवामान रोज बघतोस हे मला काय माहीत. त्या रविवारी पान हलत नव्हतं, हे तू म्हणतोस ते खरं आहे. आणि बाबा प्यायले होते का, असं जे विचारलंस, ते खरं नाही. त्यांनी सकाळी ताक पिऊन दोन बटाटे खाल्ले होते, आणि तेसुद्धा मी वाढले म्हणून.

फोनवर बोलता येत नाही रे. फोन वाजला की ते शेजारीच येऊन बसतात. म्हणून लिहिते.

काठी पुलाला लागली.

दक्षिणेच्या पुलाला. मिकोवाइकीला जाताना आपण काठी आडवी करतो त्याच पुलाला. चाळीस वर्षं बाबा त्याच्याखालून गेलेत. आपल्याला तर ते पूल दिसायच्या आधीच ओरडायला लावायचे, "काठी खाली!" तू एकदा नुसता गप्प बसलास तर जेवण बंद केलं होतं तुझं.

झेनोन काठावर गळ टाकून बसला होता. त्याच्याच तोंडचं सांगते. "अगं, मी बोंबलतोय, ब्रोनेक, काठी! ब्रोनेक, काठी! आणि हा मोटर लावून, सुकाणू धरून शीळ घालत येतोय. मला वाटलं चेष्टा करतोय माझी. मग धाडकन आवाज झाला. मी पाण्यात उतरलो, बुटासकट. गुडघ्याचं मला भानच नव्हतं. जवळ गेलो तर मला विचारतो, झेनोन, हा पूल कधी बांधला रे?"

झेनोनने हे सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. मी भांडी घासत होते, घासतच राहिले.

घरी येईपर्यंत बाबांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी जाकीट काढलं, नीट खुंटीला लावलं आणि म्हणाले, "वितेकला वारा सांग." मी सांगितला. मला वाटलं, एकदा होतं माणसाकडून. मग बघायला लागले तेव्हा कळलं की एकदा नव्हतंच. चाव्या ब्रेडच्या डब्यात. झेनोनकडे एका दिवसात दोनदा तीच करवत मागायला गेले. आईच्या नामदिनाला, तिच्या नावाच्या संताच्या दिवशी, फुलं आणली ती थडग्यावर न नेता टेबलावर ठेवली. मी ती फुलदाणीत घातली आणि काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

आणि गंमत अशी की काम मात्र बिनचूक. काठीचा दुमडलेला तुकडा आम्ही कापून काढला. एका मोडीतल्या काठीचा तितकाच तुकडा मधे बसवला. दोन्ही जोडांच्या आतून जाईल अशी एक लांब नळी त्यांनी स्वतः घासून बसवली. इतकी घट्ट की लाकडी हातोड्याने ठोकत आत न्यावी लागली. रिव्हेट एका रेषेत नाहीत, आड-तिरपे, म्हणजे भोकांच्या रेषेत धातू फाटायला नको. स्टीलचा एकही स्क्रू त्यांनी गंज रोखणारी पेस्ट लावल्याशिवाय अॅल्युमिनियममध्ये जाऊ दिला नाही. मी एक विसरले तर माझ्या बोटांवर फटका मारला. विसरले मी, त्यांनी नव्हे. मला हसू आलं आणि मग मी शेडच्या मागे जाऊन पोटभर रडले.

आता मुद्द्याचं. याग्ना ऑगस्टमध्ये दहाची होईल. दहाव्या वर्षी आपल्या घरातलं पोर बाबांबरोबर एकटं मिकोवाइकीपर्यंत जातं आणि बाकी घरचे धक्क्यावर हात हलवत उभे राहतात. मी गेले, तू गेलास. पोरगी दोन वर्षं त्याचाच ध्यास घेऊन बसलीये, तूच लिहितोस. बाबांनी तिच्यासाठी लहान लाइफजॅकेट आणून ठेवलंय. पिवळं. कधीमधी काढून झटकतात.

मी ती काठी नीट करतेय वितेक, आणि ती उभी राहिली की काय होणार याची मला भीती वाटते. याग्नाला त्यांच्याबरोबर एकटीला पाठवू नकोस. हे लिहायला मला दोन आठवडे लागले. त्यांना मात्र माझ्याने सांगवणार नाही. तू सांग. नको, तूही नको सांगूस, तू कसा सांगशील ते मला माहीत आहे. तू त्यांना बर्गेनच्या फ्लॅटमध्ये न्यायची भाषा काढशील, आणि ते तिथे खिडकीत बसून मरतील.

ओल्शतिनच्या डॉक्टरांची तारीख मिळालीये. कानासाठी जातोय असं सांगून नेणार आहे. बघ, आता मी खोटं बोलण्यात पटाईत झाले.

बोग्ना

विल्कासी, २० जून

प्रिय वितेक,

डॉक्टर बाईंनी बाबांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. त्यांनी सुंदर काढलं, काटे सोडून. येताना बाबा गाडीत माझ्याशेजारी बसले. गिझित्स्को आल्यावर म्हणाले, "बाई कानाच्या नव्हत्या." मी म्हटलं, "नव्हत्या." मग म्हणाले, "गाडी नीट चालव," आणि मी नीटच चालवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी उभी करायची होती. झेनोनही येणार होता, दोर धरायला. मी शेडमध्ये गेले तर बाबा आधीच आलेले. मी ठोकून सरळ केलेली बिजागरी त्यांच्या हातात होती.

"ही लावायची नाही," म्हणाले.

"म्हणजे? काठी खाली कशी घेणार?"

"घ्यायचीच नाही. बूड पक्कं बसव. बोल्ट आरपार, दोन्हीकडून."

"अहो बाबा, मग ती पुलाखालून जायची नाही."

"तेच सांगतोय की."

मी वेड्यासारखी म्हणून गेले, "हिवाळ्यात काढायला क्रेन लागेल. क्रेन काय फुकट येते?" तर म्हणाले, "हिवाळ्यात तू आणि झेनोन आहात. मला नका मोजू."

मग ते उलट्या बादलीवर बसले. मी इतकी वर्षं त्या माणसाला ओळखते, पण काम अर्धं टाकून बसलेलं मी त्यांना पाहिलेलं नाही. म्हणाले, "बोग्ना, पूल दिसला होता मला. दगड, कठडा, सगळं दिसत होतं. वरून एक ट्रकही गेला. फक्त त्याचं करायचं काय, ते डोक्यात आलं नाही. आता समज, पुढे पोरगी बसलीये पिवळं जाकीट घालून." बोलता बोलता त्यांनी बिजागरी माझ्या हातात ठेवली.

झेनोन आला तो दारातच थांबला. टोपी काढून बाजूला ठेवली आणि ड्रिल माझ्या हातात दिलं.

बुडाला मी भोकं पाडली. बाबांनी बोल्ट बसवले, पेस्ट लावून. काठी उभी केली, तारा ओढल्या, बाबांनी एक डोळा मिटून खालून वर बघितलं आणि म्हणाले, "सरळ आहे." जोड कुठे आहे ते शोधायला लागतं. आम्ही तिघं तळ्यावर एक चक्कर मारून आलो. सुकाणू त्यांच्याकडेच होतं. वारा कुठून येणार ते त्यांना अजूनही माझ्या आधी कळतं.

याग्नासाठी त्यांनी ठरवलंय ते असं: सफर होईल, पण आपल्याच तळ्यावर, घर दिसतं तिथपर्यंत. आणि तू धक्क्यावर नाहीस. होडीत बसशील, काठीपाशी. हे तू तिला कसं सांगायचं ते तू बघ. ती चिडेल. चिडू दे.

संध्याकाळी मी पत्र लिहायला बसले तेव्हा विचारलं, "वितेकला काय लिहू?" ते धुरावलेला मासा सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "लिही, चायका आता पुलापलीकडे जात नाही."

"बरं."

"आणि का जात नाही, ते पण लिही. वारा नको. खरं लिही. मीच सांगणार होतो त्याला, पण तो येईपर्यंत ते माझ्याजवळ राहील की नाही, सांगता येत नाही."

म्हणून लिहिलं. ऑगस्टची वाट बघू नकोस, वितेक. आत्ता ये.

बोग्ना