मिक्सरच्या बुडातलं लोखंड

३ मार्च

आज सकाळी हात जोडून, डोळे मिटून बसलो होतो, तेवढ्यात ताईचा फोन. "अरे, तुमच्या कंपनीचा मिक्सर उचलताना मनगटातून कळ येते. एवढा जड का केलात?" मी म्हणालो, "मोटार चांगली आहे ना, म्हणून." फोन ठेवून पुन्हा डोळे मिटले. प्रार्थनेची पुढची ओळ आठवेना.

खरं काय ते इथे तरी लिहावं. मोटार हलकीच आहे. बुडात तीन स्क्रूंनी लोखंडाची पट्टी बसवली आहे — आठशे ग्रॅम. तिचा उपयोग काही नाही. दुकानात गिऱ्हाईक आधी वस्तू उचलून बघतं; जड लागली की मजबूत समजतं. हे मिटिंगमध्ये मीच सुचवलं होतं. साहेब म्हणाले, "खेड्यातल्या शाळेत शिकलात, पण माणूस बरोबर ओळखता." टाळ्या पडल्या. मला त्या आवडल्या. लाज त्याचीच जास्त वाटते.

७ मार्च

ताईकडे गेलो. मनगटाला बँडेज, तरी शेजारणीबरोबर आलेल्या पाहुणीला माझ्यादेखत सांगत होती, "माझ्या भावाने बनवलाय. उचलून तर बघ." तिच्या सांगण्यावरून गल्लीत चौघींनी घेतला म्हणे. शेजारीण त्यांतलीच. म्हणाली, "भाऊ, पुढच्या वेळी उचलायला एक पैलवान पण द्या सोबत." सगळे हसले. मीही हसलो. चहा मात्र अर्धाच ठेवून निघालो.

१० मार्च

साहेबांना म्हटलं, पट्टी काढून टाकू या. "कुणाचं काय नुकसान होतंय? उलट नव्या मॉडेलला सव्वा किलोची घाला. ड्रॉइंग तुम्हीच करा." मी "बरं" म्हणून बाहेर आलो.

११ मार्च

ड्रॉइंग केलं. नेहमीसारखं सुबक झालं.

१२ मार्च

फाडलं. साहेबांना सांगितलं, हे माझ्या हातून होणार नाही. "मग दुसरा करेल," म्हणाले. करेलच. पण ताईला अजून सांगितलेलं नाही — खरी भीती तिचीच.

१५ मार्च

ताईच्या ओट्यावर मिक्सर उलटा केला, स्क्रू काढले, पट्टी तिच्यापुढे ठेवली. ही कल्पना माझी, म्हणालो. मिक्सर चालवून दाखवला. तसाच फिरतो. तिने तो एका हाताने उचलला, खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

"मनगटाचं काही नाही रे. त्या चौघींना मी सांगितलं होतं."

स्क्रूड्रायव्हर घेऊन चारही घरी जाऊन आलो.