ओला आवाज

३ नोव्हेंबर, सोमवार
कामाचा पहिला दिवस. पेडण्याचं वृद्धाश्रम. ड्यूटी ७ ते ३. दादाने हळर्णच्या स्टॉपपर्यंत मोटरसायकलने सोडलं. बहिणीने चाळिशीनंतर म्हाताऱ्यांचं हगमूत काढायचं, हे त्याला पटलेलं नाही. वहिनी तेवढी म्हणाली, "वन्सं, जमलं नाही तर परत या. लाज नको."
मुलाखतीत मेट्रनबाईंनी विचारलं होतं, "डिचोलीला खाणीच्या काट्यावर ट्रकांची वजनं लिहायचीस, ते कळलं. खाण बंद पडली. नंतरची तीन वर्षं?"
"घरीच होते."
त्यांनी फॉर्मवर रेघ मारली. तीन वर्षं, एक रेघ.
नवऱ्याच्या अर्धांगवायूचं, घरी ह्यांचं सगळं केलं त्याचं बोलले नाही. बोलले असते तर पुढचंही विचारलं असतं.

५ नोव्हें., बुधवार
चार नंबरची खोली माझ्याकडे. यशवंतबाब. वास्कोला बंदरावर क्रेन चालवायचे. आता उजवं अंग गेलंय, वाचा गेलीय. तोंडात एकच शब्द शिल्लक: "उंडो." पोदेर सकाळी आणतो तो पाव. तहान लागली तरी उंडो, वाऱ्याला जनेल उघडायचं असलं तरी उंडो. इथल्या बायका बिचाऱ्या खरंच चहात बुडवून उंडो भरवतात. नको असला की बाब फेकून देतात. आश्रमाच्या वहीत लिहिलंय: हावरे, चिडके.
ह्यांचा शब्द होता "चल". भूक लागली, चल. पाठ दुखली, चल. शब्द सोडून द्यायचा आणि डोळे नि डावा हात बघायचा, हे कळायला मला चार महिने लागले होते.
आज बाबांचे डोळे पडद्याकडे होते. तोंडावर ऊन येत होतं. पडदा ओढला. गप्प झाले. माझा हात धरून ठेवला. सोडेचनात.
कोणाला सांगितलं नाही.

९ नोव्हें., रविवार
चहा-उंडो झाला की बाबांचा आवाज ओला येतो. घशात पाणी अडकल्यासारखा. मग खोकला, डोळ्यांतून पाणी. हा आवाज माझ्या ओळखीचा. घास पोटात जात नाही, छातीत उतरतो.
धीर करून मेट्रनबाईंकडे गेले. म्हटलं, त्यांना उंडो नको, पातळ चहा नको. घट्ट पेज द्यावी, नीट बसवून, चमच्या-चमच्याने.
"तू नर्स गो?"
"नाही."
"मग हे कुठे शिकलीस?"
तोंडाशी आलं होतं.
"असंच. ऐकलेलं."
"ऐकलेलं! डॉक्टर पुढच्या आठवड्यात येतात, ते बघतील. आणि घरचे उपाय इथे आणायचे नाहीत हां. तू चादरी बदल."
बदलल्या. अकरा.

१० नोव्हें.
माझ्या पाळीत मीच पेज भरवते. गुपचूप. दुपारनंतर दुसऱ्या बायका असतात. त्यांना सांगायला हवं. पण काय म्हणून सांगू.

१३ नोव्हें., गुरुवार
बाबांना ताप. छातीत घुरघुर. नखं निळसर. अँब्युलन्स आली, म्हापशाच्या हॉस्पिटलात नेलं. स्ट्रेचरवरून ते माझ्याकडेच बघत होते. उंडोसुद्धा नाही फुटला.
मी दारात उभी. हातात ओला टॉवेल. मेट्रनबाई म्हणाल्या, "चल, खोली धुऊन घे."

१४ नोव्हें.
जेवण गेलं नाही. वहिनीने विचारलं, सांगितलं डोकं दुखतंय.
आज लिहूनच टाकते. दोन वर्षांमागची दिवाळी. सकाळी सगळ्यांसाठी दिवाळीचे पोहे, आमचे फोव, केले होते, गोडाचे, दुधातले, तिखट. डॉक्टरांनी बजावलं होतं, ह्यांना पातळ काही देऊ नका, वाटून घट्ट करून द्या. ह्यांनी दुधातल्या फोवांकडे बघितलं आणि हसले. वर्षभरात पहिल्यांदा. मी दोन चमचे दिले. दोनच. आवाज ओला झाला. मला कळलं होतं. तरी तिसरा
तिसऱ्या दिवशी ताप. आठव्या दिवशी गेले. सगळ्यांना सांगितलं, छातीत कफ झाला. खोटं नाही ते. पण

१७ नोव्हें., सोमवार
बाबांची मुलगी शैला सामान न्यायला आली. वास्कोहून, दोन बस बदलून. बाब अजून हॉस्पिटलातच. ऑफिसात रडत होती. "डॉक्टर म्हणतात, अन्न छातीत गेलं. इथे कोणालाच कसं समजलं नाही?"
मेट्रनबाई म्हणाल्या, "अशा पेशंटचं सांगता येत नाही बाय."
मी कपाटातले शर्ट घडी घालत होते. बोलले. "मला समजलं होतं."
मग सगळं सांगितलं. चल, उंडो, पेज, फोव. तिसरा चमचासुद्धा. शर्टाची बटणं लावत सांगितलं, वर बघवेना.
शैलाने माझ्या हातातला शर्ट ओढून घेतला. म्हणाली, "तुका खबर आशिल्लें, आनी तूं ओगी रावलें?"
होय. गप्प राहिले.
मेट्रनबाईंनी लेखी मागितलं आहे.

१८ नोव्हें.
लेखी दिलं. एका पानात बसलं. महिनाअखेरचा पगार झाला की कमिटी बसेल म्हणे, तोवर माझी ड्यूटी कपडे धुण्याकडे. खोल्यांत जायचं नाही.
रखमाबाई, दुपारच्या पाळीतली, दोरीपाशी येऊन हळूच विचारून गेली, "सात नंबरच्या आजीलाही खोकला येतो गो चहा प्यायल्यावर. तिला पण पेज देऊ?" दाखवलं, मान कशी पुढे घ्यायची. ती निघून गेल्यावर वाळत घातलेल्या चादरीला परत चिमटे लावले. मी कोण हे शिकवणारी.

२२ नोव्हें., शनिवार
दुपारी शैलाचा फोन. आवाज बसलेला. "बाबा नाकातली नळी सारखी उपटतात, म्हणून हात बांधलेत त्यांचे. कितें तरी सांगतात, माका कळना. माझा राग गेला नाही तुझ्यावरचा. पण तू ये."
मेट्रनबाईंना विचारलं. "कमिटीचं झाल्याशिवाय पेशंटच्या घरच्यांना भेटायचं नाही. गेलीस तर सोमवारी इथे येऊ नको." ओरडून नाही बोलल्या. थकलेल्या होत्या. मग म्हणाल्या, "माझी आई पण अशीच गेली," आणि रजिस्टर उघडलं.
बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय. दादाला कळवलं नाही. बाबांना बघून मला समजेल की नाही माहीत नाही. समजलं तरी काय सांगतील कोण जाणे. ह्यांनी शेवटच्या दिवशी जे सांगितलं ते मला आजवर उलगडलेलं नाही.
कोलवाळचा पूल गेला. पुढे म्हापसा.