पाचव्या चौकटीतला पाहुणा

रविवार, ११ जानेवारी
आले एकदाची घोडेगावात. खोली लहान आहे, पण खिडकीतून एसटी स्टँड दिसतं आणि नळाला चक्क पाणी येतं. घरमालकीण गोजरबाईंनी आल्या आल्या चहा दिला आणि कप रिकामा व्हायच्या आत माझी सगळी माहिती काढून घेतली. केबल चॅनेलचं ऑफिस समोरच, किराणा दुकानाच्या माडीवर. मालक कपिलभाऊ, निवेदकही तेच, कॅमेरा बिघडला तर मिस्त्रीही तेच. उद्यापासून आठवडाभर रोज संध्याकाळी सहाला चर्चा. पाहुण्यांना मोबाइलवरून जोडायचं, स्क्रीनवरच्या सहा चौकटींत बसवायचं, खाली नावाची पट्टी टाकायची आणि ज्याची पाळी त्याचाच आवाज सोडायचा, हे माझं काम. समृद्धीला बोरीला सासूबाईंकडे ठेवलंय. सहा वर्षांची आहे. निघताना ती रडली नाही, म्हणून मीच रडले. विहिरीच्या मोटारीचा शॉक लागून माझा नवरा भरत गेला, त्याला दीड महिना झाला. घरात बसून किती दिवस निघणार?

सोमवार, १२ जानेवारी
विषय बिबट्या. चार पाहुणे, चौघे एकदम बोलणारे. आधी चौकटी तपासायला कुठलंही नाव टाकून बघतात. पाचवीत मी लिहिलं: भरत, शेतकरी, बोरी बुद्रुक. हा माणूस घरात बसून टीव्हीतल्या पाहुण्यांशी भांडायचा. ‘आमाला बोलवा की राव एकदा,’ म्हणायचा. म्हटलं, बस बाबा आज. मग गडबडीत पट्टी पुसायची राहिली. चर्चा रंगात आली तेव्हा पाचवीत एक खांदा दिसला. चौकड्यांचा शर्ट. कपिलभाऊंना विचारलं, तर पाचवी रिकामीच आहे म्हणाले.

मंगळवार, १३ जानेवारी
विषय तमाशा. पट्टी पुसली नाही. मुद्दाम. तो आला. मान तिरकी करून ऐकत होता, मध्येच दाढी खाजवत. उजवा पंजा काळा पडलेला. मी घाबरायला हवं होतं. मी तर केस विंचरून गेले होते.

रात्री सासूबाईंचा फोन. ‘पोरगी जेवत न्हाई गं. सहा वाजले की टीव्हीम्होरं हुबी ऱ्हाती. पप्पा आलं म्हनती.’ त्यांना काय सांगू? नाद सुटेल, म्हटलं.

बुधवार, १४ जानेवारी
विषय: विधवांना हळदीकुंकवाला बोलवावं का? सगळे पाहुणे बोलवावं म्हणाले, टाळ्याबिळ्या झाल्या. गोजरबाईंकडे आज वीसेक बायका होत्या. जाता-येता मी दिसू नये म्हणून माझ्या खोलीचं दार त्यांनीच हळूच लोटून घेतलं.

भरत माझ्याकडे बघत होता. जगात एकटाच. मी पट्टी पुसणार नाही.

गुरुवार, १५ जानेवारी
विषय: दशक्रियेतली पुढाऱ्यांची भाषणं बंद करावीत का? भरतने हात वर केला. त्याला बोलायचं होतं. मी आवाज सोडला नाही. काय विचारणार ते मला ठाऊक होतं.

दहाव्याला घाटावर त्याच्या पिंडाला कावळा शिवेना. धाकटे दीर कुंडलिकभाऊजी हात जोडून सगळं कबूल करत होते: आईला सांभाळू, विहीर पुरी करू. त्याला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं, की पोरीला मी जवळून हलवणार नाही. पण मी नोकरी धरायचं ठरवून बसले होते. खोटं बोलवेना. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक जेवायला उठले.

त्याच्या मागे आज आमचंच घर दिसलं. स्वयंपाकघराचं दार.

शुक्रवार, १६ जानेवारी
समृद्धीला ताप. सासूबाई म्हणाल्या, ये. मी गेले नाही. एकदाच बघते म्हटलं, एकच संध्याकाळ —

तो दाराच्या आत आलाय. मागे तिचं अंथरूण. तिचा पाय दिसला. चादरीबाहेर.

मी आई आहे का कोण आहे?

शनिवार, १७ जानेवारी, दुपार
कुंडलिकभाऊजींचा फोन. तिला नारायणगावला दवाखान्यात नेलंय. ‘वयनी, पयल्या गाडीनं निगा.’ दोनची एसटी होती. सोडली.

पट्टी पुसून त्याला असाच हाकलला तर तो तिथंच राहील, तिच्या उशाशी. जे घाटावर बोलले नाही ते आज बोलते. मग जाईल. मग मी पोरीला घेऊन —

खरं लिहू? मला तो आणखी एकदा बघायचा होता.

शनिवार, सहा वाजून गेले
त्याचा आवाज सोडला. माइकवर सगळ्यांसमोर म्हणाले, तिला मी सोडणार नाही, तू जा. कपिलभाऊ बघतच राहिले.

भरत हसला. हात खाली घेतला. म्हणाला, ‘लई उशीर केलास गं.’ रागाने नाही. रागाने म्हणाला असता तर —

फोन वाजतोय. कुंडलिकभाऊजी. परत. परत.

उचलत नाही. उचलला नाही तर काही झालेलं नाही.

तो बाजूला सरकला. कुणाला तरी बसायला जागा —

समृद्धी. दवाखान्याचा झगा. केस विस्कटलेले. ती मला शोधतेय. भलतीकडेच बघतेय, तिला मी दिसतच नाहीये. बाळा, इकडे. काचेच्या अलीकडे. इकडे बघ, आई इथं आहे, इक —