ओपलच्या डोळ्याला लावलेली दुर्बीण

मी, एमरी क्लाइड रॅटलिफ, वय चौपन्न, पूर्वी कोळशाच्या खाणीत वीजतंत्री, सध्या काही नाही, राहणार टर्कीपेन घळ, वेस्ट व्हर्जिनिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझी छाती ठिकाणावर नाही, डोकं आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. आणायला या घळीत फारसं कोणी उरलेलंही नाही. वकील केलेला नाही. आठवीनंतर मी शाळेची पायरी चढलो नाही, पण खाणीतली वीज पुस्तकं वाचून शिकलो, आणि माझ्या हातच्या जोडणीने एकही माणूस दगावला नाही. तेव्हा एक मृत्युपत्र मला जमेल.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

कलम १. राहतं घर, परसातली विहीर, आणि कड्यापर्यंतचं हिकरीच्या झाडांचं रान, हे सर्व माझी पत्नी ओपल हिचं, कोणत्याही अटीशिवाय. आम्हाला मूलबाळ नाही. माझा थोरला भाऊ हर्शेल याने, मी समोर बसलेला असताना, ओपलला सांगितलं की पुढे तिने घर विकून त्याच्या घरामागच्या खोलीत राहायला यावं. ओपलला जायचं असेल तर तिने जावं. पण त्या खोलीला खिडकी एकच आहे आणि ती हर्शेलच्या ट्रककडे उघडते, हे इथे नमूद करून ठेवतो.

कलम २. बचत जी असेल ती ओपलची.

कलम ३. माझ्या छातीचा क्ष-किरण फोटो कंपनीच्या डॉक्टरला द्यावा. त्याने तो उजेडासमोर धरून विचारलं होतं, "सिगारेट किती ओढता?" मी आयुष्यात एकही ओढलेली नाही. फोटो चौकटीत बसवून द्यावा, म्हणजे त्याला भिंतीवर लावता येईल. चौकट मी करून ठेवली आहे. कोपरे काटकोनात आहेत.

कलम ४. पक्कड, मीटर आणि पेचकसांचा डबा शेजारी ओडेल स्टेपल्टन याचा. माझी साखळी करवत या मृत्युपत्रात कोणी शोधू नये. ती मी याच उन्हाळ्यात ओडेललाच विकली. मला ती आता उचलत नाही. चार पावलं चाललो की नाकातली ऑक्सिजनची नळी ताणते. करवतीचे जे आले तेवढंच रायफलीवरच्या दुर्बिणीचं बजेट, त्यावर एक डॉलर नाही, असं मी ठरवलं होतं आणि पाळलं.

कलम ५. आता रायफल. बावीस बोअरची, एका वेळी एकच गोळी घेणारी, वडिलांची. ती ओपलला. या कलमाबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण लोक दुर्बिणीच्या बाबतीत गाढवपणा करतात आणि तो करताना खूष असतात.

आमच्याकडे खार खातात. पिठात घोळवून तळायची, त्याच तव्यात रस्सा करायचा, आणि घरी भाजलेल्या, मऊ पावासारख्या गरम बिस्किटांवर ओतायचा. मांस खराब होऊ नये म्हणून गोळी डोक्यातच लागली पाहिजे. ओपल लग्नाआधीपासून अशीच मारते, माझ्याहून बरी. पण पन्नाशीनंतर डोळ्याला बंदुकीच्या नळीच्या टोकावरची नेमाची माशी, मागची खाच आणि झाडावरची खार ही तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. गेल्या हंगामात तिने दोनदा नेम धरला आणि दोनदा रायफल खाली केली. "माशीला केस फुटलेत," म्हणाली. दुर्बिणीत नेमाची फुली आणि खार एकाच जागी दिसतात, डोळ्याला धावाधाव करावी लागत नाही. म्हणून दुर्बीण. शौक म्हणून नव्हे.

हर्शेलनेही बसवली होती, त्याच्या बावीस बोअरवर. हरणाच्या बंदुकीची भलीमोठी, पुढची काच कॉफीच्या कपाएवढी.

"अरे धाकल्या, नऊ पट दिसतं यात! खारीच्या मिशा मोजता येतात."

"मग तू मिशाच मोज. मारायची कोणी?"

त्याने मारली. हरणाची दुर्बीण लांबच्या नेमासाठी जुळवलेली असते. खार बसते जवळ, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तेवढ्या जवळ डोळा जरासा सरकला की फुलीही खारीवरून सरकते, आणि बघणाऱ्याला वाटतं आपण बरोबर धरलं आहे. गोळी मागच्या पायात लागली. खार फरफटत ढोलीत शिरली.

"बंदूकच वाकडी आहे," हर्शेल म्हणाला.

ओपल झाडाकडे बघत होती. म्हणाली, "ती आत मरायला गेलीय, हर्शेल."

म्हणून मी शहरातल्या जुन्या मालाच्या दुकानात गेलो, नळी आणि बाटलीसकट. दुकानदाराने काउंटरवर सगळ्यात लांब दुर्बीण ठेवली.

"काका, ही घ्या. तीनशे यार्डांवरचं हरीण हातात आल्यासारखं दिसतं."

"आमच्या खारी तीनशे यार्डांवर बसत नाहीत, बाबा. इतकं लांबचं दिसतच नाही आमच्या रानात."

"मग कमी करून वापरा. फिरवलं की कमी होतं."

"जे फिरतं ते ढिलं होतं. या पैशांत तर नक्कीच."

मी त्याच्याकडून पुठ्ठ्याचं खोकं मागितलं, दोन्ही बाजूंना खाच कापली, त्यात दुर्बीण ठेवली आणि रस्त्यापलीकडच्या आग विझवायच्या नळावर रोखली. मग दुर्बिणीला हात न लावता डोकं डावी-उजवीकडे हलवलं. फुली नळावरून उतरून फुटपाथवर गेली. दुसरीची तीच गत. तिसरी नवी होती, स्वस्त, पण पेन्सिलीसारखी बारीक. तिच्यात दुकानातलाच दिवा मंद दिसत होता, तर पहाटे हिकरीखाली काय दिसणार? चौथी जुनी, चार पट, वाढ-कमी काही नाही, पुढची काच लहान. डोकं हलवलं तरी फुली नळावर माशीसारखी चिकटून राहिली. मग मी तिची नेम जुळवायची वरची चकती कानाशी धरून फिरवली. प्रत्येक टिचकी वेगळी ऐकू आली. दुर्बिणीच्या नळीवर, ती रायफलीला धरून ठेवणाऱ्या कड्यांचे वळ नव्हते, म्हणजे आधीच्या मालकाने आवळून तिचा जीव घेतलेला नव्हता.

"ही तर कोणी विचारतही नाही," दुकानदार म्हणाला.

"म्हणूनच मला परवडते."

उरलेल्या पैशांत चांगल्या कड्या घेतल्या. कड्यांवर वाचवतो तो सगळंच घालवतो. वडिलांच्या रायफलीवर दोन खाचा कारखान्यातूनच आहेत, कड्या त्यांतच बसतात. त्या पोलादाला ड्रिल लावण्याची गरज नाही आणि कोणी लावू नये. हर्शेल, हे तुझ्यासाठी लिहिलं आहे.

घरी येऊन ओपलला पोर्चमध्ये बसवलं. ती मान आखडून नेम धरते, म्हणून दुर्बीण माझ्या सवयीपेक्षा मागे घेतली.

"आकाशाकडे धर," मी म्हणालो. "काही शोधू नकोस. फुली काळी कधी दिसते, तेवढं सांग."

"पुसट आहे."

मी दुर्बिणीचं डोळ्याकडचं मागचं कडं फिरवलं. "आता?"

"आणखी पुसट. उलटं फिरव ना. हं. हं... थांब! केसासारखी झाली."

मी कडं घट्ट केलं.

"आता तू बघ की," ती म्हणाली. मी पाहिलं. तिने दुर्बिणीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं. "काय दिसलं तुला?"

"धुकं."

"मग फिरवून घे."

"नाही फिरवायचं. चष्म्यासारखं असतं ते. ज्याचं त्याला."

मग तिने रायफल माझ्या मांडीवर ठेवली, जड मूल परत द्यावं तशी. "मी नाही मारणार, एमरी. तू गेल्यावर खारी कोणासाठी तळू?"

"तुझ्यासाठी."

"एकटीसाठी पीठ चाळणारी बाई आहे का मी?"

आत जाऊन तिने पीठ चाळायला घेतलं. चाळतच राहिली. त्या संध्याकाळी बिस्किटं झाली नाहीत. तेव्हापासून रायफल दारामागे उभी आहे, तिने हात लावलेला नाही.

हे मी का लिहितो आहे ते स्पष्ट सांगतो. हिवाळ्यात मी दवाखान्यात होतो तेव्हा ओपल काळी कॉफी आणि सुक्या खाऱ्या बिस्किटांवर राहिली. पडदे उघडले नाहीत. हे मला तिने नाही, ओडेलने सांगितलं. ती उपाशी राहील याची मला भीती नाही, दुकान आहे, सरकार आहे. मला भीती आहे की ती उठणारच नाही. रानात जायचं तर पहाटे उठावं लागतं. बूट घालावे लागतात. याहून मोठा उपाय मला सापडला नाही. शोधला मात्र भरपूर.

कलम ६. बटन नावाची कुत्री रायफलीबरोबर राहील, दोघींची वाटणी करू नये. ती खारीला झाडावर चढवते, पण पुढे दोन माणसं लागतात. खार नेहमी खोडाच्या पलीकडच्या अंगाला सरकते. आजवर मी वळसा घालून पलीकडे जायचो, झुडूप हलवायचो, की खार फिरून ओपलच्या बाजूला यायची. आता पलीकडे कोणी नसेल. म्हणून माझं तपकिरी जॅकेट ओपलला देत आहे. ते धुऊ नये, दानात देऊ नये. पलीकडच्या झुडपावर टांगावं, बाहीला दोरी बांधावी, दोरी आपल्या बाजूला आणावी, आणि ओढावी. खारीला तेवढा माणूस पुरतो.

ओपलला पुरेल असं मी म्हणत नाही.

कलम ७. हंगाम या शनिवारी उघडतो. डॉक्टर नाताळचं काही बोलत नाहीत. हा हंगाम आणि पुढचा, असे दोन हंगाम रायफल आणि बटन ओपलच्या घरी राहतील, आणि त्या काळात कोणी त्यांच्याबद्दल तिला एक शब्द विचारणार नाही, आग्रहाचा नाही आणि कीव करणाराही नाही. तोवर तिने रायफल दारामागून काढली नाही, तर ती हर्शेलने न्यावी. मग त्याने हवी ती दुर्बीण बसवावी, हवं तिथे ड्रिल लावावं. मागचं कडंही फिरवून टाकावं. माझी हरकत नाही. त्यानंतर माझी कशालाच हरकत नाही.

कलम ८. हे सर्व नीट पार पाडण्याची जबाबदारी ओडेलवर. पोस्टातल्या मॅक्सीन बाईंकडे याची एक प्रत राहील.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा मोठ्याने वाचला, खाडाखोड नाही. मॅक्सीन बाईंना साक्षीसाठी ओडेलने ट्रकमधून आणलं. ओपल विहिरीवर गेली आहे. पाणी घरात भरपूर आहे.

सही करण्याआधी ओडेल म्हणाला, "बघू तरी, माझ्या करवतीच्या पैशांचं काय झालं ते." त्याने रायफल आभाळाकडे धरली.

"एमरी, फसवलं तुला. यात नुसतं धुकं आहे."

मॅक्सीन बाईंनीही पाहिलं. त्यांनाही धुकंच दिसलं. कडं कोणी फिरवलं नाही. एवढं दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष नमूद केलं, आणि सही करतो.

एमरी क्लाइड रॅटलिफ

साक्षीदार: ओडेल स्टेपल्टन
साक्षीदार: मॅक्सीन हॅगर

टर्कीपेन घळ, वेस्ट व्हर्जिनिया
९ सप्टेंबर २०१४