आबांची मोटारसायकल आणि चैत्री पौर्णिमा

पिंप्राळा, जळगाव
चैत्र वद्य पंचमी

प्रिय झुलालभाऊ यांस,
तुमच्या थकलेल्या मेहुण्याचे अनेक शुभाशीर्वाद.

धुळ्यास सर्व मंडळी कुशल असावीत आणि सौ. भागाबाईंचा गुडघा या उन्हाळ्यात तरी आवरून असावा. तुमच्या अक्का, म्हणजे आमच्या सौ. कोकिळा, बऱ्या आहेत. माझ्याशी कामापुरते बोलतात. तीर्थरूप आबांची प्रकृती त्र्याण्णवाव्या वर्षीही आपणा दोघांपेक्षा खणखणीत आहे हे मी जाणतो, आणि तूर्त तीच माझी चिंता आहे.

ज्या मोटारसायकलच्या हँडलला आबांनी बावन्न वर्षांत पोटच्या मुलालाही (क्षमा असावी, तुम्हालाच) हात लावू दिला नाही, ती त्यांनी मला समुद्रकाठच्या फेरीसाठी दिली. अट एकच होती. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, ती धुळ्याच्या दारात उभी असावी आणि पहिल्या किकला सुरू व्हावी. आखाजी आता तेरा दिवसांवर आहे. गाडी माझ्यापाशी नाही. हे वाक्य लिहून पेन खाली ठेवले, पाणी प्यालो, आणि पुढे लिहितो आहे.

निवृत्त संस्कृत शिक्षकाचे जुन्या मोटारसायकलींच्या मंडळात काय काम, असे तुम्ही विचाराल. मंडळाला गाडी हवी होती, गाडीबरोबर मी गेलो. शिवाय खरे सांगतो, ज्या सागराची वर्णने मी सदतीस वर्षे वर्गात शिकवली, तो मी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. मंडळाचा चिटणीस तेजस (सज्जन मुलगा आहे, परंतु त्याचा मोबाइल कधी खाली येत नाही) म्हणाला, "गुरुजी, तारीख तुम्हीच काढा." मी तीन पंचांगे ताडून चैत्री पौर्णिमा काढली. हनुमानाचा जन्मदिवस! ज्याने समुद्र एका उड्डाणात ओलांडला, त्याच्या जयंतीला समुद्रदर्शन घ्यावे, याहून शुभ योग मला सुचेना.

सात गाड्या, सात वृद्ध, आणि मागच्या सीटवर मोबाइल धरून तेजस. पाचोऱ्यापर्यंत प्रवास निर्विघ्न झाला असे लिहिण्याची फार इच्छा होती. परंतु पहिली गाडी पाचोऱ्याच्या अलीकडेच बसली. त्यानंतर कोकणापर्यंत आम्ही चाललो कमी आणि थांबलो अधिक. सावद्याचे नासीर मिस्त्री बरोबर होते म्हणून पोचलो. ते एक गाडी उघडून बसत, तोवर आम्ही उरलेले सहा वृद्ध झाडाखाली बसून कंबर धरत असू. (माझी कंबर अजून घाटातच कुठेतरी आहे.)

पौर्णिमेला सकाळी सातला किनाऱ्यावर उतरलो. काय सांगू, भाऊ! पाणी दूर कुठेतरी चकाकत होते आणि मधे आपल्या खळ्यासारखी चोपलेली, विस्तीर्ण, ओलसर वाळू होती. सर्वांत जुनी म्हणून आबांची गाडी मानाची. ती मी सर्वांपुढे, पाण्याकडे तोंड करून उभी केली. हळदकुंकू वाहिले, नारळ वाढवला. काठावरच्या चहाच्या टपरीतून मोहिनीबाई नावाच्या गृहिणी म्हणाल्या, "आजोबा, आज पुनव आहे हो."

मी प्रसन्न होऊन म्हणालो, "म्हणूनच तर आलो!"

त्या पुन्हा म्हणाल्या, "अहो, पुनव आहे!" त्यांची श्रद्धा पाहून मी त्यांना खोबऱ्याचा मोठा तुकडा दिला आणि आम्ही टेकडीवरच्या मारुतीला अभिषेक करण्यास निघून गेलो.

आपण तापी-गिरणेच्या काठची माणसे. आपल्याकडे पाणी येते ते वरून येते, येण्यापूर्वी ढग दिसतो, गावात हाकाटी होते. येथे ते समोरून येते आणि कोणाला काही विचारत नाही. चंद्राच्या दर्शनाने सागर उचंबळतो, ही उपमा मी सदतीस वर्षे अलंकार म्हणून शिकवली; ते वेळापत्रक आहे, हे मला ठाऊक नव्हते. त्यातही चंद्र आकाशात नसता, भर दुपारीदेखील तो उचंबळतो, हे तर एकाही कवीने लिहून ठेवलेले माझ्या वाचनात नाही.

अकराच्या सुमारास नासीर मिस्त्री टेकडी चढून धापा टाकत आले. "गुरुजी, गाडी पाण्यात!" अभिषेक अर्ध्यावर होता आणि मी मौनात होतो. मी हातानेच थांबा म्हटले. बाकीचे धावले आणि आपापल्या गाड्या वर ओढून मोकळे झाले. मी उत्तरपूजा आटोपून उतरलो तेव्हा आबांच्या गाडीचा दिवा लाटेत बुडत आणि उगवत होता. सर्वांनी धरून गाडी बाहेर काढल्यावर नासीर मिस्त्री एवढेच म्हणाले, "गुरुजी, देव कुठं जात नव्हता. गाडी जात होती." बावीस वर्षे प्रवचने करतो आहे, इतके नेमके वाक्य मला साधलेले नाही.

गाडी टेम्पोतून सावद्यास आणली. इंजिन उघडले आहे आणि आत मीठ आहे.

वडीलधाऱ्यांस आदरपूर्वक नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमचा,
प्रेमराज

ता.क. सत्य बोलावे, परंतु अप्रिय सत्य बोलू नये, अशी शास्त्राज्ञा आहे. मला असत्य बोलवत नाही आणि हे प्रिय करून सांगता येत नाही. म्हणून खरी विनंती अशी, की हे पत्र आबांना तुम्ही वाचून दाखवावे. जेवणानंतर वाचावे. अभिषेकाचा भाग भरभर वाचावा.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवण्यापूर्वीच आबांचा फोन आला. तेजसने चित्रफीत मंडळाच्या गटावर टाकली होती आणि ती धुळ्यात सर्वांनी पाहिली आहे. (तुम्हीही पाहिली असणार. कळवले नाहीत.) आबा म्हणाले, "जवाई, बठ्ठा जन गाडी धरी राहिंतात, अन् तुम्ही पंचांग डोकावर धरी उभा!" मी म्हणालो, ते भिजू नये म्हणून. मग आबा म्हणाले, "तुम्ही बुडनात नही, हाई खूप शे. आते गाडी कवय यी, ते नासीरले इचारा. पंचांगले नका इचारू."

आज्ञेप्रमाणे, गाडी कधी येणार ते विचारण्यास सावद्यास फोन केला. नासीर मिस्त्री म्हणाले, सुटे भाग सोमवारी येतील, गाडी शुक्रवारी धुळ्याच्या दारात उभी करतो. मी पाहिले. शुक्रवारी अमावास्या आहे.

मी हरकत घेतलेली नाही; गाडीबरोबर मीही येतो आहे. फक्त तुमच्या ओसरीवरची दिनदर्शिका त्या दिवशी उलटी टांगावी, म्हणजे मला आत येता येईल.