आमच्या होणाऱ्या जावयाचे दहा किलोमीटर

सोलो, रविवार,
सकाळचे नऊ वाजून चौदा मिनिटे

तीर्थरूप हार्योनोदादा व वहिनी यांना धाकट्या सुमार्जोचा आदरपूर्वक सलाम.

वोनोगिरीला आपण उभयता सुखरूप असाल. वहिनींचा गुडघा काय म्हणतो? आपलं भिंतीवरचं घड्याळ अजून दिवसाला चार मिनिटं मागे पडतं असं कळलं. (मी दुरुस्त केलेलं घड्याळ मागे पडत नाही. आपण किल्ली तिरकी देता. ही विद्या मी कुणाकडे शिकलो नाही, आपलंच घड्याळ चोरून उघडून शिकलो, त्यामुळे मला ठाऊक आहे.) इकडे सर्व खुशाल. म्हणजे, आता आहे. मधला एक आठवडा मी आमच्या पालुपीचं ठरलेलं लग्न मोडायच्या बेतात होतो.

झालं असं, की इथल्या पोरापोरींना सध्या धावण्याचं वेड लागलंय. (अर्धा तास धावतात, दीड तास कॉफी पितात.) फोनमध्ये एक ॲप असतं, त्यात कोण कुठे किती वेगाने धावलं त्याचा नकाशा उमटतो आणि बाकीचे शाबासकी देतात. पालुपीने तिच्या गालिहचा नकाशा मला मोठ्या कौतुकाने दाखवला. मानाहान मैदानाभोवती दहा किलोमीटर, किलोमीटरला पाच मिनिटं चार सेकंद, सुरुवात सहा वाजून दोन मिनिटांनी. दादा, त्याच रविवारी सहा वीसला हे जावईबापू माझ्या दुकानासमोरच्या गाडीवर केळीच्या पानावर नारळाच्या दुधातला नासी लिवेत भात खात होते. दुसरं पान. मी शटरच्या फटीतून स्वतः पाहिलं!

एक माणूस दोन ठिकाणी असू शकत नाही. मग त्याच्या नावाने धावतंय कोण? तरण्या मुलाचं खातं रविवारी पहाटे दुसऱ्या कुणाच्या हाती असतं, याचा मी एकच अर्थ लावला, दुसरी मुलगी! आणि साखरपुडा एकवीस दिवसांवर आलेला. जेवण जाईना.

पुढच्या रविवारी मी घडीची खुर्ची आणि स्टॉपवॉच घेऊन मैदानाच्या दाराशी बसलो. त्रेसष्ट माणसं मोजली. दर फेरीला बिनचूक त्या वेगाने येणारी एकच, गुलाबी टोपीवाली मुलगी. माझा संशय खरा ठरला! तिसऱ्या फेरीला मी आडवा गेलो. टोपी वर झाली, आणि आपली लिंतांग! होय, आपलीच थोरली, क्रीडा महाविद्यालयातली.

"काका! तुम्ही इथे? बाबांना नका हं सांगू!"

"आधी सांग, गालिह तुझा कोण?"

"गिऱ्हाईक," ती जागच्या जागी उड्या मारत म्हणाली. "त्याला नकाशा हवा असतो, घाम नको असतो. असे अकराजण आहेत माझ्याकडे. सरका ना काका, वेळ बिघडतेय!"

पैसे घेऊन दुसऱ्याच्या नावाने धावणाऱ्याला इथे जोकी म्हणतात. (घोडा नसतो. सगळं स्वतःच्याच पायांवर.) मी फुटपाथवर बसलो आणि मोठ्याने हुश्श केलं. जावई लबाड नाही, नुसता आळशी आहे!

संध्याकाळी गालिहला बोलावलं. बिचारा मान खाली घालून सगळं कबूल करून मोकळा झाला. पालुपी शांत. म्हणाली, "बाबा, आपला जिना चढला की हा कठड्याला मिठी मारतो. दहा किलोमीटर धावेल का? मी बघत होते, तोंड कधी उघडतोय." मग त्याच्याकडे वळून, "रविवारी माझ्याबरोबर चालायचं. दोन किलोमीटर. पायांनी."

आज चालला. अडतीस मिनिटं, त्यात नारळपाण्याचे दोन थांबे. साखरपुडा ठरल्या दिवशीच आहे, आपण आदल्या दिवशी यावं.

आपला,
सुमार्जो

ता. क. लिंतांगला रागावू नये. अभ्यास ठीक आहे, दम तर आपल्या घराण्यात कुणाला नव्हता एवढा आहे.

ता. क. २. एक लहानसं काम. मैदानावर स्टॉपवॉचसह मला शेजाऱ्यांनी पाहिलं आणि मोहल्ल्याच्या पन्नाशीवरच्या धावपटूंत माझं नाव घातलं. मी दर रविवारी धावतो, असं माझ्या तोंडून निघून गेलं. आता नकाशा मागतात. लिंतांग म्हणते रविवार भरलेत, पण आपला शब्द मोडणार नाही. फक्त तिला सांगावं, माझ्या नावाने किलोमीटरला सात मिनिटं पंधरा सेकंदांच्या आत येऊ नये, आणि चौथ्या किलोमीटरला दीड मिनिट थांबावं. चोपन्नाव्या वर्षी माणूस तिथे थांबतोच.

ता. क. ३. वरचं काम राहू द्यावं. पालुपी चहा ठेवायला आली होती, खांद्यावरून वाचून गेली. माझे बूट दाराशी आणून ठेवलेत, गालिहच्या बुटांशेजारी.